सुदामकाकांचा टर्बो आणि सात शिक्षक

इंजिन उघडलं की पहिलं काम म्हणजे सुटे भाग ओळीनं मांडणं. पहिला पिस्टन पहिल्या ट्रेमध्ये, दुसरा दुसऱ्यात, प्रत्येक नट आपापल्या बोल्टाशेजारी. किश्श्यांना असा ट्रे नसतो. ते गॅरेजात कुठंही पडतात, ऑइलच्या डब्यामागे, चहाच्या ग्लासाखाली, आणि इंजिन परत बांधून झालं तरी उरतातच. नट उरला तर मिस्त्रीला जेवण जात नाही. किस्से उरले तर चालतं.

माझ्याकडे उरलेले बरेचसे किस्से एकाच इंजिनाचे आहेत.

परभणीत जिंतूर रोडला बाबांचं पत्र्याचं गॅरेज आहे. बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झाले तेव्हा चाँदमिस्त्रींना सोबत घेऊन आले. दोघांनी तीस वर्षं एकाच खड्ड्यात उभं राहून बसच्या पोटाखाली काम केलेलं. आता बाबांचे गुडघे खड्ड्यात उतरत नाहीत, म्हणून ते घरी असतात आणि गॅरेजात मी असते. मी जर्मनीत इंजिनांचंच शिक्षण घेतलं, तिथंच तीन वर्षं नोकरी केली आणि परत आले. का परत आलीस, हे मला अजून आठवड्यातून दोनदा तरी विचारलं जातं.

उत्तर सोपं आहे. आपल्याकडे टर्बोवाल्या गाडीचं इंजिन बसलं की लोक टोचन लावून गाडी संभाजीनगरला नेतात. ते काम इथंच, मोजूनमापून, नीट होऊ शकतं, हे मला दाखवायचं होतं. मी हे तळमळीनं सांगितलं तेव्हा चाँदमिस्त्री म्हणाले, "दाखव की बेटा. पण आधी गिऱ्हाईक तर दिसू दे."

गिऱ्हाईक दिसलं ते पेडगावचे सुदामकाका. वय सहासष्ट, डोक्यावर पांढरी टोपी, आणि मागे टोचनला बांधलेली जीप. परभणीत राहून मानवतच्या शाळांमध्ये शिकवणाऱ्या सात शिक्षकांचं अप-डाऊन त्या जीपवर चालायचं. अकरा वर्षं तेच काम. उन्हाळ्याच्या सुट्टीच्या तोंडावर इंजिन गेलं आणि शिक्षकांनी काकांना प्रेमानं पण स्पष्ट सांगितलं: शाळा उघडायच्या दिवशी गाडी दारात आली तर ठीक, नाहीतर आम्हाला दुसरी गाडी लावावी लागेल.

माझ्याकडे पाच आठवडे होते. काकांकडेही तेवढेच.

*

आधी ते इंजिन गेलं कसं, ते सांगते. वाघमारे मॅडमनी सांगितलेलं आहे. सातांतल्या त्या विज्ञानाच्या शिक्षिका, त्यामुळे एक अक्षर वाढवून सांगायच्या नाहीत.

शाळेच्या गेटासमोर जीप थांबली. काकांनी किल्ली फिरवून काढून घेतली. इंजिन बंद झालं नाही. उलट त्याचा आवाज वाढत गेला. किल्ली काकांच्या हातात, पाय ब्रेकवर, आणि गाडी उभ्या जागी थरथरत रेस घ्यायला लागलेली. मागून पांढरा-निळा धूर. सहा शिक्षक वडाच्या झाडामागे. काकांनी चाँदमिस्त्रींना फोन लावून नुसता इंजिनाकडे धरला.

मिस्त्रींनी आवाज ऐकला आणि म्हणाले, "टर्बोतून ऑइल आत जायलंय. इंजिन सोताचंच ऑइल पिऊन पळायलंय. हवा तोडा त्याची, हवा."

वाघमारे मॅडमना एवढं पुरे होतं. हवेशिवाय ज्वलन नाही, हे त्या दरवर्षी आठवीला शिकवतात. "काका, ती जाड रबरी नळी ओढा," म्हणाल्या, आणि नळी निघाल्याबरोबर तिच्या तोंडावर हातातली वस्तू दाबून धरली. हातात आठवी 'ब'चा हजेरीपट होता. इंजिननं तो पुठ्ठा आत ओढला, दोनदा गचके खाल्ले आणि मेलं.

पुठ्ठ्यावर वाटीएवढा काळा गोल उमटला. पुढं तपासणीला साहेब आले. त्यांनी हजेरीपट उघडायच्या आधीच विचारलं, "हे काय?"

"टर्बोचा अंगठा आहे, सर," मॅडम म्हणाल्या.

साहेबांनी गोलाकडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं. "मग खाली तारीख घाला," म्हणाले.

*

टर्बो का गेला, हे शोधायला मला दोन दिवस लागले आणि काकांना सांगायला अर्धा तास.

मी त्यांना स्टुलावर बसवलं आणि टर्बो हातात दिला. "काका, इंजिनातून बाहेर जाणाऱ्या गरम धुरानं हे चक्र फिरतं. त्याच दांड्यावर पलीकडे हे दुसरं चक्र आहे, ते इंजिनात जास्तीची हवा कोंबतं. म्हणून तुमची गाडी सातजणांना घेऊन चढावर पळते. हा दांडा मिनिटाला लाखभर वेळा फिरतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. इंजिन बंद झालं की ऑइल थांबतं. म्हणून थांबल्यावर आधी एक मिनिट इंजिन तसंच हळू चालू ठेवायचं, मग बंद करायचं. तुम्ही कसं करता?"

काकांचा चेहरा खुलला. "माझं येगळंच हाय. पेडगावचा फाटा आला की मी किल्ली बंद करतो. तिथून दारापत्तुर उतार हाय. गाडी न्यूट्रलमधी आपली आपण घरी येती. अकरा वर्षं झाली, फाट्यापासून दारापत्तुर एक थेंब डिझेल जाळलं न्हाई."

चाँदमिस्त्रींनी डोळे मिटून घेतले.

मी हळूच म्हणाले, "म्हणजे काका, रोज संध्याकाळी टर्बो तापलेला असताना तुम्ही त्याचं ऑइल तोडत होतात. दांडा कोरडा फिरत होता."

काकांनी टर्बो उजेडाकडे वळवून दांडा बघितला. तो मधोमध निळा पडलेला आणि चाटल्यासारखा झिजलेला होता.

"म्हंजे मी वाचवलेलं डिझेल..."

"हौ," मिस्त्री म्हणाले. "सगळं तुमच्या हातात हाय आत्ता."

त्यानंतरच्या ग्रामसभेत काकांनी फाट्यावर गतिरोधक टाकायची मागणी केली. अपघात होतात का, असं ग्रामसेवकानं विचारलं. "न्हाई," काका म्हणाले. "सवय तोडायचीय."

*

कोणते भाग कंपनीचे घालायचे आणि कोणते बाहेरचे, यावर आमच्याकडे जेवढा वाद झाला तेवढा इंजिनावर कामसुद्धा झालं नसेल. मी एका पुठ्ठ्यावर यादी केली. डावीकडे 'ओरिजनल', उजवीकडे 'बाहेरचं'. उजवी बाजू कोरी ठेवून भिंतीवर लावली आणि म्हणाले, हे असंच राहणार.

दुसऱ्या दिवशी उजव्या बाजूला मिस्त्रींच्या अक्षरात 'पाण्याची नळी' असं आलेलं. "कंपनीलाबी हाच माणूस नळी देतो," ते म्हणाले. "फक्त छाप येगळा." मी चौकशी केली. खरं निघालं. रिंगा, बेअरिंगं आणि गॅस्केट यांच्याबाबत मात्र ते माझ्यापेक्षा कडक होते. तिथं बाहेरच्या मालाचं नावसुद्धा काढू देत नव्हते.

खरी अडचण टर्बोची. कंपनीचा नवा टर्बो यायला सात-आठ आठवडे लागणार होते आणि शाळा उघडायला चारच उरलेले. बाहेरचा एक कारखाना टर्बोचा फक्त मधला गाभा नवा करून देतो, दांडा, चक्रं, बेअरिंग सगळं तोलून, आणि सोबत तोल तपासल्याचा कागद. तीन दिवस मी ऐकत नव्हते. कंपनीनं बनवलेलं इंजिन, त्यात हृदयाच्या जागी दुसऱ्याचं काहीतरी घालायचं, मनाला पटेना. मी हे सगळं काकांना समजावून सांगितलं. निर्णय त्यांचा होता.

काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. "पोरी, त्या गाडीत पाटे बदललेत, डायनामा बदललाय, शिटा बदलल्यात, पत्राबी एका बाजूनं नवा हाय. ओरिजनल म्हणशील तर आता एकटा मीच उरलोय. कागद असलेला गाभा बघ आन् बसव."

उजव्या बाजूला मी स्वतःच्या हातानं लिहिलं: टर्बोचा गाभा.

*

इंजिनाचा मुख्य दांडा म्हणजे क्रँक; त्याच्या बेअरिंगमध्ये केसापेक्षा कमी फट ठेवावी लागते. कमी झाली तर इंजिन जाम, जास्त झाली तर ऑइलचा दाब जातो. ती मोजायला मेणासारखा एक हिरवा धागा मिळतो. तो बेअरिंगमध्ये ठेवून वरून कॅप कसायची, परत उघडायची आणि धागा किती चपटा झाला त्यावरून फट वाचायची. मी तो मागवला होता. मिस्त्री त्याला शेवई म्हणायचे.

"शेवई ठेवायच्या आधी मी सांगू?" त्यांनी क्रँक हातानं एक गिरकी फिरवला, डोकं कलतं करून ऐकलं. "पाच."

मी धागा ठेवला, कसलं, उघडलं, मोजलं. मिलिमीटरचे पाच शतांश.

पुढचं बेअरिंग. गिरकी. "सहा." मोजलं. सहा.

पाचही बेअरिंगं झाली. एकही आकडा चुकला नाही. काका तिथंच बसलेले होते, ते माझ्याकडे बघून समाधानानं मान हलवत होते. मी पार भारावून गेले. घरी जाऊन बाबांना अर्धा तास भाषण दिलं, की आपल्या कारागिरांच्या हातात जे ज्ञान आहे ते कुठल्या विद्यापीठात नाही, हे कुणीतरी नोंदवून ठेवलं पाहिजे, आणि ते मीच करणार आहे.

बाबांनी हातातली बशी खाली ठेवली. "प्रज्ञा, उद्या चाँदच्या टेबलाचा खालचा खण बघ. डबा ठेवतो त्याच्या मागं."

खणात फ्लॅनेलच्या फडक्यात गुंडाळलेला मायक्रोमीटर होता, शेजारी भोकाचं माप घ्यायचं डायल, आणि सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या बाजूवर पेन्सिलीनं लिहिलेलं: पाच, सहा, पाच, पाच, सहा. त्या दिवशी ते तासभर आधी आले होते.

मी फडकं त्यांच्यासमोर धरलं. त्यांना जराही लाज वाटली नाही.

"गिऱ्हाइकासमोर मोजलं की त्याला वाटतं, मिस्त्रीला येत न्हाई. म्हणून आधी मोजायचं, मग सांगायचं."

"मग मी? मी तर सगळ्यांसमोर सारखी मोजत असते."

"तू जर्मनीची हायस, बेटा. तुला माफ हाय."

*

इंजिन बांधताना धूळ हा सगळ्यात मोठा शत्रू, आणि परभणीच्या मे महिन्यात धुळीला दार लागत नाही. मी आईची मच्छरदाणी आणली आणि पत्र्याच्या आढ्याला दोऱ्या बांधून इंजिनाच्या ब्लॉकवर सोडली. आत फक्त मी आणि मिस्त्री, हात धुऊन. बाकी सगळ्यांनी बाहेर.

रस्त्यावरून जाणाऱ्याला एवढंच दिसायचं की गॅरेजात मच्छरदाणी लावलेली आहे, आत कुणीतरी आडवं आहे, आणि शेजारी स्टुलावर एक म्हातारा माणूस टोपी हातात घेऊन बसलाय. काका रोज दुपारच्या गाडीनं पेडगावहून यायचे आणि तिथंच बसायचे. मच्छरदाणीजवळ ते आपोआप हळू आवाजात बोलायला लागले. त्यांचं बघून बाकीचेही.

एका दुपारी वाघमारे मॅडम दोन शिक्षकांना घेऊन आल्या. बाबा त्या दिवशी आलेले होते. मॅडमनी त्यांना जयभीम घातला आणि पिशवीतून बिस्किटाचे पुडे आणि सहा मोसंब्या काढून स्टुलावर ठेवल्या. "बघायला जायचं तर रिकाम्या हातानं कसं जायचं," म्हणाल्या.

सोबतचे इतिहासाचे कदम सर मच्छरदाणीतून आत डोकावले. "कसंय आता?" त्यांनी काकांना विचारलं.

"बरंय. काल नवीन रिंगा घातल्या."

"खाणंपिणं?"

"अजून नुसतं ऑइल," आतून मिस्त्री म्हणाले.

"आणि डॉक्टर काय म्हणतात?"

काकांनी माझ्याकडे हात केला. "डॉक्टर नवीन हाय. पण मोठ्या दवाखान्यातून शिकून आलीय." मग सरांच्या जवळ सरकून, मला ऐकू जाईल एवढ्याच हळू आवाजात: "आपलं हे पहिलंच हाय तिचं."

कदम सरांनी मोसंबी उचलली आणि मला दिली.

*

ही गोष्ट मी सांगायला नको, पण मिस्त्री सगळ्यांना सांगतातच, तर मीच सांगते.

कंपनीच्या सामानाचे डबे फार सुंदर असतात. जाड पुठ्ठा, चकाकणारं लेबल, चकचकीत शिक्का. सामान आलं की भाग ट्रेमध्ये काढून घेऊन मी एकेक रिकामा डबा फळीवर मांडून ठेवायचे आणि झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करनं लिहायचे, कुणाच्या गाडीचा, कोणता भाग. तो रॅक बघून मला फार बरं वाटायचं.

एक दिवस मोटारसायकलवरून एक जण आला. अगदी सभ्य बोलला. "ताई, रिकामे डबे देता का? वाया जाण्यापेक्षा कामाला येतील." मला त्याचा विचार एकदम आवडला. वस्तू पुन्हा वापरण्याबद्दल मी त्याला दहा मिनिटं सांगितलं, त्यानं ते ऐकूनही घेतलं, आणि सगळे डबे मी स्वतः त्याला दोरीनं बांधून दिले.

मिस्त्री चहा पिऊन आले. रिकाम्या फळीकडे बघितलं. "डबे?"

"दिले. कामाला येतील म्हणाला."

ते खाली बसले. "येतील की. बेटा, ओरिजनलचा डबा उघडला की आधी फाडायचा असतो. न्हाईतर त्यात दुसराच माल भरून परत बाजारात येतो."

माझा विश्वास बसला नाही. आपल्याच लोकांवर इतका संशय घेऊन कसं चालेल, असंही मी म्हणाले.

दहा-बारा दिवसांनी मागचं ऑइल सील बसवताना माझ्या हातून त्याची कड दुमडली. नवं तातडीनं हवं होतं. परगावच्या एका दुकानातून मागवलं. शंभर टक्के ओरिजनल. सीलबंद डबा आला, लेबल नवं, शिक्का चकचकीत. उघडला. झाकणाच्या आतल्या बाजूला माझं अक्षर: 'सुदामकाका. मागचं ऑइल सील.'

मी दुकानदाराला फोन केला. जितकं रागावता येईल तितकं रागावले. डब्यात माझ्या गिऱ्हाइकाचं नाव लिहिलेलं आहे, हे कसं, विचारलं.

"ताई," तो म्हणाला, "कंपनीनं तुमच्या गिऱ्हाइकाचं नाव टाकून पाठवलंय. याच्यापेक्षा ओरिजनल काय असतं?"

*

इंजिनाच्या वरच्या भागाचे, म्हणजे हेडचे, बोल्ट कसायची एक पद्धत असते. आधी पान्यावर ठराविक जोर येईपर्यंत, आणि मग प्रत्येक बोल्ट आणखी बरोबर नव्वद अंश. कोन मोजायचं यंत्र मी मागवलं होतं, ते वाटेतच कुठंतरी अडकलेलं. शाळा उघडायला सहा दिवस उरलेले. "पाव चक्कर म्हंजे पाव चक्कर," मिस्त्री म्हणाले. "डोळ्याला कळती की." मी नाही म्हणाले. पंच्याऐंशी नाही, पंच्याण्णव नाही, नव्वद.

वाघमारे मॅडमना कळलं तेव्हा त्या सुट्टीत शाळा उघडून फळ्यावर वापरायचा मोठा लाकडी कोनमापक घेऊन आल्या. ताटाएवढा. मच्छरदाणीच्या आत त्यांना यायला परवानगी मिळाली, हात धुऊन. त्यांनी कोनमापक बोल्टावर धरला, मिस्त्रींनी पाना ओढला.

"ओढा. ऐंशी. पंच्याऐंशी. हळू. मिस्त्री, हळू म्हणते मी. नव्वद. हात काढा."

चौदा वेळा. प्रत्येक बोल्टाशेजारी मॅडम खडूनं एक बरोबरची खूण करायच्या. अकराव्याला मिस्त्रींचा पाना जरा घसरला, तर त्यांनी खूण न करता नुसतं बघितलं. चाळीस वर्षं इंजिनं बांधलेला माणूस म्हणाला, "सॉरी, मॅडम."

शेवटी मॅडमनी हेडच्या कोपऱ्यात चौदापैकी चौदा असं लिहिलं, खाली रेघ मारली आणि सही केली.

वर झाकण बसवायच्या आधी हेड पुसून घ्यायचं असतं. मिस्त्रींनी सगळं पुसलं. तो कोपरा बाहेरच्या बाजूला होता, झाकणाच्या आत जात नव्हता. तेवढा सोडून.

*

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी आम्ही इंजिन चालू केलं. आधी डिझेल तोडून नुसतं फिरवलं, टर्बोपर्यंत ऑइल पोचलं याची खात्री केली, मग डिझेल जोडलं. काकांनी किल्ली फिरवली. अर्ध्या चकरेत सुरू झालं. मी खूप वेळ धुराड्याकडे बघत उभी होते. धूर नव्हताच. थोडी रेस दिली की टर्बोची बारीक शीळ ऐकू यायची. काका गाडीतून उतरले, बोनेटवर हात ठेवला आणि तसेच उभे राहिले. मिस्त्री उगाचच पाने पुसत होते.

मग मी काकांना माझा कागद दिला. नव्या इंजिनाचे पहिले हजार किलोमीटर फार जपायचे असतात. एक, साठच्या वर जायचं नाही. दोन, बंद करण्याआधी एक मिनिट थांबायचं. तीन, गाडीत बसणाऱ्यांचं एकूण वजन साडेचारशे किलोच्या आत.

काका तिसऱ्या ओळीपाशी थांबले. "म्हंजे माणसं किती?"

"माणसं मोजू नका, काका. किलो मोजा."

"सातजण हायत. सातांनाबी उद्या दारात येतो म्हणून सांगितलंय. एकाला सोडलं तर बाकीचे त्याच्यासंगं दुसऱ्या गाडीत जातेत."

"बेटा, पन्नास-साठ किलोनं काय होतंय," मिस्त्री म्हणाले.

पण मी ठाम होते. पाच आठवडे एकेक शतांश मोजून बांधलेलं इंजिन अंदाजपंचे चालवायला मी देणार नव्हते. काकांनी कागदाची घडी घातली आणि वरच्या खिशात ठेवली. "तुझ्या शब्दाभाईर न्हाई जायचो," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वाघमारे मॅडम एक पावती घेऊन आल्या. काकांनी सकाळी सातही दारांत गाडी नेली होती, आणि मानवतला पोचल्यावर शाळेच्या आधी थेट कापसाच्या वजनकाट्यावर. एकदा भरलेली गाडी, एकदा रिकामी. निव्वळ वजन: चारशे चाळीस. माल: शिक्षक. नग: सात. कापसाच्या पावतीवर 'प्रत' असा एक रकाना असतो, त्यात काट्यावरच्या मुलानं पेनानं 'मध्यम' लिहिलेलं.

"माझाच विद्यार्थी आहे तो," मॅडम म्हणाल्या. "नववीला त्याला मी काठावर पास केला होता."

मला वजनाचाच आनंद झाला. नियम पाळायचा म्हटलं तर पाळता येतो, हे मी मिस्त्रींना पावती दाखवून ऐकवलं आणि ती भिंतीवर लावली. मिस्त्रींनी ती बराच वेळ वाचली. "सात नग," एवढंच म्हणाले आणि चहाला गेले.

शाळा सुरू होऊन दहा दिवस झाले असतील. मला मानवतला काम होतं. ते आटपून पाच-सव्वापाचला स्टँडवर आले, तर परभणीला जाणाऱ्या बसच्या फलाटावर सुदामकाका उभे. हातात कापडी पिशवी.

"काका, गाडी बंद पडली?"

"छ्या. लय झकास चाललीय. आत्ताच गेली की म्होरं. वाघमारे मॅडम चालवायल्यात. साठच्या वर काटा जाऊ देत न्हाईत, आन् थांबल्यावर घड्याळ लावून एक मिनिट. त्यांच्याच दारात असती गाडी सध्या."

"आणि तुम्ही रोज असे बसनं?"

"मला अर्धं तिकीट हाय."

"अहो पण येता कशाला मग? त्या चालवतात ना?"

काकांना माझा प्रश्न समजलाच नाही. "सातजणांना न्यायचं-आणायचं काम माझं हाय, पोरी. पोचले का न्हाई बघायला नको?"

"मग त्यांच्याबरोबर गाडीत का नाही बसत?"

त्यांनी खिशातून माझा कागद काढला, नीट उलगडला आणि तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

"माझं एकट्याचं पंचाहत्तर भरतंय," म्हणाले.

बस लागली. काकांनी कागदाची पुन्हा तशीच घडी घातली, टोपी सारखी केली, आणि पायरीवर चढता चढता मागं वळून मला धीर दिला:

"तीनशे वीसच राहिलेत आता. हजार झाले की बसतो मी."